पंचावन्न वॅट

नोव्हेंबरात लेबर्नला चारलाच दिवेलागण.
माझी शेवटची पेशंट आस्क्रिगच्या पुढे,
मिसेस थ्वेट, पायाची जखम, एक दिवसाआड ड्रेसिंग.
परतीचा रस्ता म्हणजे दोन दगडी भिंतींमधली फट,
आणि माझ्या जुन्या फिएस्टाचा डावा डोळा
गेल्या मंगळवारी मिटला.

रात्री अंथरुणात पडून फोनवर शोधलं.
तिप्पट उजेड. बर्फासारखा पांढरा. पाच मिनिटांत बसवा.
अठरा पौंडांत जोडी.
खोक्यावर वीज पकडलेला गरुड
आणि त्याच्या पंजाखाली मुंगीच्या पायांनी लिहिलेलं:
सार्वजनिक रस्त्यावर वापरू नये.
वाचलं मी ते. खोटं कशाला बोलू.
वाचलं आणि खोकं केरात टाकलं.

पहिल्या रात्री वाटलं, दिवस विकत घेतला.
भिंतीवरचं शेवाळ, मेंढ्यांचे हिरवे डोळे,
झाडाच्या शेंड्यापर्यंत सगळं उघडं.
शेंड्यावर माझं काय काम होतं
हे काही मनात आलं नाही.
समोरून येणारा जो तो दिवे मिचकावत होता.
मला वाटलं, ओळखतात.
नर्सबाई चालली म्हणून.

बेनब्रिजच्या उताराला
एक म्हातारा, एक कुत्रा.
म्हाताऱ्याने हात डोळ्यांवर धरला,
कुणी मारायला आलं की धरतो तसा,
आणि कडेला सरकायचं ते
रस्त्याच्या मधोमध आला.
ब्रेक.
कुत्रा भुंकतच राहिला.
मी काच खाली करून सॉरी म्हटलं.
तो माझ्या आवाजाकडे वळला, पण जरा बाजूला बघत.
"मला काही दिसत नाहीये, बाई,"
किती वाजले ते सांगावं तशा स्वरात म्हणाला.

शनिवारी अल्डरसनचं गॅरेज.
त्याने गाडी चुन्याच्या भिंतीसमोर उभी केली.
"बघ."
भिंतभर माझा उजेड, उतू गेलेल्या दुधासारखा,
ना काठ ना किनार.
मग शेजारी दुसऱ्या कुणाची तरी गाडी:
खाली पिवळसर पट्टा, वर अंधार,
मधे लुगड्याच्या काठासारखी रेघ,
डावीकडे किंचित चढलेली, पायवाटेपुरती.
"तुझा दिवा चुकीच्या घरात राहतोय.
ही वाटी तारेसाठी घडवलेली.
तार असते नेमका तिथेच उजेड जन्मला पाहिजे.
जवाच्या दाण्याएवढा हलला, की समोरचा आंधळा.
आणि एमओटीला मीच तुला नापास करीन."

मी विचारलं, मग शंभर वॅटचा साधा?
तो हसला आणि वितळलेलं एक होल्डर दाखवलं,
जळक्या पापडासारखं.
निळ्या काचेचा?
"दिसायला गोरा. उजेड स्वतःच खातो."
शेवटी फळीवरून धूळ झटकत
एक मळकं खोकं काढलं.
एच सेव्हन. पंचावन्न वॅट.
बुडाशी बारीक वर्तुळात ई, शेजारी आकडा.
सोन्यावरचा हॉलमार्क बघतात तसा मी तो चष्मा काढून बघितला.
"दोन्ही बदल," तो म्हणाला. "दुसराही फार दिवस टिकायचा नाही.
आणि काचेला बोट लावू नकोस.
तेल लागलं की तिथेच तापून फुटतो."

माझी बोटं! सकाळच्या फोडणीचा वास
दुपारपर्यंत निघत नाही त्यांतून.
मग पिशवीतले निळे हातमोजे घातले,
मिसेस थ्वेटच्या जखमेला घालते तेच,
आणि बॉनेटखाली मनगट वाकवून, चाचपडत,
तेवढ्याच हलक्या हाताने
तार तिच्या वाटीत बसवली.
क्लिप दोनदा निसटली. तिसऱ्यांदा मराठीत शिवी दिली, बसली.

गरुडाची जोडी अजून ड्रॉवरमध्ये आहे.
विकायची जाहिरात लिहिली होती,
"जवळजवळ नवीन" इथपर्यंत येऊन पुसली.

आता शेवाळ दिसत नाही.
वळणावर चाळीसची तीसवर येते, कधी पंचविसावर.
काल आस्क्रिगहून येताना समोरून एक ट्रॅक्टर आला,
दोघी-दोघांनी आपापली भिंत धरली,
त्याने दिवे मिचकावले नाहीत.
स्टिअरिंगवरून एक बोट फक्त उचललं.
ते मला दिसलं.